शिंदळ माकुडीची आफ्रिकेतली चुलतबहीण

पावसाळ्याच्या अखेरीस शिवनेरीला गेलात तर शिवाई देवीच्या देवळाकडे घाईनं चढून न जाता वाटेत जरा थांबून उभ्या कड्याकडे बघा. नशीब असेल तर कातळाच्या भेगेतून बोटाएवढ्या जाड, गुळगुळीत फांद्या खाली लोंबताना दिसतील. त्यांना मांसल पानं असतात आणि अधूनमधून इंचभर रुंदीची, गडद तांबड्या-जांभळ्या रंगाची, पाच टोकांची चांदणी. हीच शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव ‘फ्रेरिया इंडिका’. पाऊस सरला की पानं गळतात, उरतात नुसत्या फांद्या, आणि त्या पुढचे सात-आठ महिने आपल्याच पोटातल्या पाण्यावर काढतात. जुन्नरचा परिसर, पुरंदरशेजारचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ती सापडते. महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही नाही.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बरोबर वनस्पतिशास्त्र शिकवणारा एक मित्र होता. फांदी हाताच्या अंतरावर होती. आपल्या लोकांच्या सुटकेसमधून लोणची, पुरणयंत्रं आणि तुळशीच्या मंजिऱ्या सर्रास येतात, त्यात वीतभर फांदी कोणाला कळणार, हा विचार माझ्या मनात आला हे कबूल करतो. मित्रानं तो ओळखला असावा. तो एवढंच म्हणाला, “या कड्यावर मोजून किती आहेत ते मला ठाऊक आहे.” मी हात खिशात घातला.

हे सगळं सांगायचं कारण, तीच ओढ पुढे मला वेस्ट विंडसरच्या बेसमेंटमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडाचं बी पेरण्यापर्यंत घेऊन आली. भारतातून निर्यातीला बंदी असलेल्या वनस्पतींच्या यादीत शिंदळ माकुडीचं नाव आहे, आणि इथल्या विमानतळावरचे शेतकी खात्याचे लोकही मातीसकट आलेल्या रोपाकडे प्रेमानं पाहत नाहीत. पण तिची एक चुलतबहीण आहे, जिचं बी इथल्याच रोपवाटिकांकडून राजरोस मिळतं. तिचं नाव हूडिया.

नातं कसं, ते आधी सांगतो. दोन्ही झाडं रुईच्या कुळातली. मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो तीच रुई. तिचं फळ पिकून फुटलं की रेशमी झुपका लावलेल्या बिया वाऱ्यावर उडतात. लहानपणी ‘म्हातारी’ म्हणून आपण त्यांच्यामागे धावलो आहोत. शिंदळ माकुडीच्या आणि हूडियाच्या शिंगासारख्या जोडशेंगांतूनही अशीच म्हातारी उडते. या कुळात पाणी साठवणाऱ्या, बहुधा बिनपानांच्या झाडांचा एक मोठा गोतावळा आहे. त्याच्या सर्वांत जास्त जाती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आहेत, आणि खरी पानं धरणारी त्यांत आपली शिंदळ माकुडी एकटीच मानली जाते. सह्याद्रीतली कंदीलपुष्पं, म्हणजे खर्पुडीच्या जाती, याही याच घरातल्या. २०१७ साली तर पीटर ब्रॉइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा गोतावळा उचलून कंदीलपुष्पांच्या ‘सेरोपेजिया’ या एकाच प्रजातीत घालावा असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मी जुनीच नावं वापरतो.

नावांची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. शिंदळ माकुडीचं वर्णन निकोल डॅल्झेल या मुंबई इलाख्यातल्या वनाधिकाऱ्यानं १८६५ साली प्रसिद्ध केलं, आणि तिला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. हे फ्रेअर त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होते. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, तेव्हा दत्तकाचा हक्क मानावा असं त्यांचं मत होतं. डलहौसीनं ते मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. १८७७ साली याच फ्रेअरना केपटाउनला हाय कमिशनर म्हणून पाठवलं गेलं आणि १८७९ चं झुलू युद्ध त्यांनी ओढवून घेतलं. १८८० साली त्यांना परत बोलावण्यात आलं. सज्जनगडावरच्या झाडाला ज्याचं नाव, तो माणूस त्या झाडाच्या भाऊबंदांच्या मुलखात जाऊन बदनाम झाला. त्याला तिथे एखादं हूडिया दिसलं का, आणि दिसलं तरी नातं कळलं असतं का, कोण जाणे.

हूडियाच्या ज्या जातीबद्दल मी लिहितो आहे ती ‘हूडिया गॉर्डोनी’. केपमधल्या डच चाकरीतल्या रॉबर्ट जेकब गॉर्डन या सेनाधिकाऱ्यानं ऑरेंज नदीकडच्या प्रवासात तिचं चित्र काढवून घेतलं होतं, त्यावरून हे नाव. १७९६ साली फ्रान्सिस मॅसन या क्यू बागेच्या संग्राहकानं ते छापलं. दिसायला हे झाड निवडुंगासारखं: खोडावर उभ्या कण्या, कण्यांवर काटे, जमिनीपासूनच फुटलेल्या फांद्यांचा झुबका, उंची कमरेपर्यंत. निवडुंगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. निवडुंग अमेरिकेचे, हे रुईचे. कोरड्या हवेत राहता राहता दोघांचं रूप सारखं झालं, एवढंच.

काहींना हूडिया हे नाव वेगळ्याच कारणानं आठवेल. साधारण २००४ ते २००८ या काळात अमेरिकेत भूक मारणाऱ्या गोळ्या म्हणून ते दुकानादुकानांत विकलं जात होतं. कालाहारीतले सान लोक लांबच्या शिकारीवर निघाले की या खोडाचा तुकडा काटे काढून चघळत, त्यानं भूक-तहान सोसवते, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन परिषदेनं १९६३ पासून त्यावर काम केलं आणि १९९५ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्या परिषदेचंही नाव सीएसआयआर. योगायोग असा, की त्याच १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, आणि माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या आपल्या सीएसआयआरनं लढून १९९७ साली ते रद्द करवलं. एक सीएसआयआर आजीबाईच्या बटव्याच्या बाजूनं उभी, तर दुसरीनं ज्यांच्या बटव्यातून औषध घेतलं त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. पुढे बराच गवगवा झाला आणि २००३ साली सान लोकांना उत्पन्नातला वाटा देणारा करार झाला. पण वाटा मिळायला उत्पन्न तर हवं! फायझरनं त्याच वर्षी हक्क सोडले. २००४ साली युनिलिव्हर आली आणि २००८ साली तीही गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्क घेणाऱ्या स्त्रिया न घेणाऱ्यांपेक्षा कमी जेवल्या नाहीत. उलट त्यांना मळमळ झाली, रक्तदाब वाढला. तेव्हा हे झाड बघायला लावा, चघळायला नको.

बाजार ओसरला, पण दरम्यान रानातलं हूडिया ट्रकांनी तोडलं गेलं होतं. पाचशे रोपांच्या जागी पाच उरावीत, असं काही ठिकाणी होईल या भीतीनं २००४ च्या बँकॉक परिषदेत ते आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत घालण्यात आलं. म्हणून परदेशातून थेट बी मागवायचं तर परवाने लागतात. इथल्याच एखाद्या रोपवाटिकेनं आपल्या झाडांवर धरलेलं बी घेतलं की हा प्रश्न येत नाही. मोठं, सुरकुतलेलं, बुंध्याशी खरबरीत झालेलं ‘जुनं’ झाड कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर मात्र शंका घ्यावी. रोपवाटिकेत वाढलेलं झाड तसं दिसत नाही.

आता पेरणी.

बी ताजं हवं, हा पहिला आणि जवळजवळ शेवटचा नियम. गव्हासारखं हे वर्षानुवर्षं डब्यात टिकत नाही. ताजं बी चपटं, तपकिरी, तिळापेक्षा मोठं असतं आणि उबेत चार ते दहा दिवसांत उगवतं. दोन-तीन वर्षांचं झालं की निम्मंही उगवेल याची खात्री नाही. विकणाऱ्याला ‘कुठल्या साली धरलं’ हे विचारावं. जो सांगत नाही त्याचं घेऊ नये.

माझी पहिली पेरणी वीस बियांची. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना खाली भोकं पाडली. मिश्रण म्हणून दुकानातली तयार कुंडीची माती घातली, वर थोडी वाळू. पाणी दिलं, डबे झिपच्या पिशव्यांत बंद केले आणि हीटिंग मॅटवर ठेवले. सातव्या दिवशी अठरा रोपं! दोन जाड हिरवे दळ, मधून टोक. रोज रात्री घरच्यांना खाली नेऊन दाखवत होतो. पिशवी उघडली की दमटपणा जाईल म्हणून तीन आठवडे उघडलीच नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चार रोपांनी मान टाकलेली दिसली. जमिनीलगत खोड केसासारखं बारीक, पाणचट झालेलं. तीन दिवसांत सोळा गेली. उरलेल्या दोघांना वाचवायचं म्हणून पाणीच बंद केलं. वाळवंटातलं झाड ना! ती पंधरवड्यात वाळून गेली.

म्हणजे सोळा पाण्यानं मेली आणि दोन पाण्यावाचून. या कोड्याचं उत्तर सापडलं तेव्हाच मला हे प्रकरण कळलं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मोठं हूडिया तहान सोसतं ते वाळवंटी ‘स्वभावा’मुळे नव्हे, आकारामुळे. पाणी साठतं घनफळात आणि उडून जातं पृष्ठभागावरून. रोपाची जाडी चार मिलिमीटर आहे आणि मोठ्या फांदीची चार सेंटिमीटर, असं धरा. प्रमाण तेच ठेवून आकार दहापट झाला की पृष्ठभाग शंभरपट होतो, पण घनफळ हजारपट. म्हणजे कातडीच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे मोठ्या झाडाकडे दहापट पाणी शिल्लक आहे. शिवाय मोठं झाड दिवसा श्वासछिद्रं मिटून घेतं आणि रात्रीच्या गारव्यात उघडतं; ही सवयही वयाप्रमाणे पक्की होत जाते. रोप हे मोठ्या झाडाची छोटी प्रत नव्हे. त्याची गरज वेगळी आहे, आणि त्याच्या मुलखात ती भागते कशी तर एखाद्या काटेरी झुडपाच्या सावलीत. उघड्यावर पडलेलं बी उगवलं तरी बहुधा जगत नाही. झुडपाखाली पडलेलं जगतं, आणि पुढे कधीतरी त्या झुडपातून डोकं वर काढतं.

तेव्हा पहिले दोन-तीन महिने मुळाशी ओल हवी आणि उन्हाचा मारा नको. पण ओल म्हणजे कोंडलेली हवा नव्हे. मान टाकण्याचा रोग बुरशीचा. तिला कुजकी माती आणि न हलणारी दमट हवा लागते. मी दोन्ही पुरवल्या होत्या.

दुसऱ्या वेळी माती जवळजवळ काढूनच टाकली. तीन भाग प्यूमिस आणि पर्लाइट, एक भाग जाड वाळू, मूठभर चाळलेलं कंपोस्ट. कंपोस्ट ओलं करून ओव्हनमध्ये अर्धा तास तापवलं. घरात जो वास सुटतो त्याबद्दल आधीच सूचना दिलेली बरी. बी आडवं ठेवून वर कोंबड्यांना घालतात ती ग्रॅनाइटची कच अगदी पातळ पसरली. शेतीसामानाच्या दुकानात तिचं मोठं पोतं स्वस्तात मिळतं. तिच्यामुळे रोपाची मान कोरडी राहते आणि खाली मूळ ओलं. पाणी वरून नाहीच: डबा परातीत ठेवायचा, वरचा थर गडद दिसला की उचलायचा. तापमान ऐंशी अंश फॅरनहाइटच्या आसपास. पिशवी उगवेपर्यंतच बंद. पहिलं रोप दिसलं की रोज थोडी जास्त उघडायची आणि दहाव्या दिवशी काढून टाकायची. जुन्या कॉम्प्यूटरमधला बारा व्होल्टचा पंखा मी समोर लावला. झुळूक इतकी मंद, की मेणबत्तीची ज्योत जेमतेम वाकेल. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांपेक्षा या पंख्यानं जास्त रोपं वाचवली.

उजेडासाठी गॅरेजमध्ये लावतात तसा साधा एलईडीचा चार फुटी दिवा, रोपांवर फूटभर अंतरावर, दिवसाला चौदा तास. रात्री दिवा आणि मॅट दोन्ही बंद. रात्रीचा गारवा या झाडांना हवा असतो, आणि आपल्या बेसमेंटमध्ये तो आपोआप मिळतो. रोपं लालसर दिसली की उजेड जास्त, फिकी आणि उंच दिसली की कमी. ओल्या कंपोस्टवर बारीक काळ्या माश्या आल्या तर पाणी जास्त होतंय असं समजावं. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात.

पेरणी मी मार्चच्या सुरुवातीला करतो. बियांना ऋतूचं बंधन नाही, पण ऑक्टोबरपर्यंत रोप पेन्सिलीएवढं जाड झालं तर न्यू जर्सीचा पहिला हिवाळा निभतो. मेच्या मध्यावर, थंडीची भीती गेली की डेकवर, पण छपराखाली. जुलैतलं इथलं वादळी पावसाचं पाणी आणि त्यानंतरची चिकट हवा कारूमधल्या झाडाला ठाऊक नाही. रात्रीचा पारा पन्नासच्या खाली जायला लागला की आत. पहिल्या हिवाळ्यात महिन्यातून एकदा चमचाभर पाणी, कारण पोटात साठा अजून थोडाच असतो. दुसऱ्या हिवाळ्यात तेवढंही क्वचित. इथे आपली संस्कृती आड येते. पाहुण्याला पाणी विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि माझ्या घरात तीन माणसं मला न सांगता झाडांना पाणी घालत होती. आता डब्यांवर तारखेची चिठ्ठी असते.

एवढं करूनही एखादं रोप बुंध्याशी काळं पडतं. तेव्हा वाट बघू नये. स्वच्छ ब्लेडनं वरचा भाग कापावा, आतली हिरवी गोल चकती निष्कलंक दिसेपर्यंत कापत जावं आणि आठवडाभर सावलीत कोरडं ठेवावं. मग कोरड्या प्यूमिसवर उभं करावं, किंवा जाणकार करतात तसं कलम करावं. कलमाला खुंट म्हणून काय वापरतात, तर इथल्या गार्डन सेंटरमध्ये ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ नावानं टांगून विकतात त्या वेलीचे मण्यांसारखे कंद. ती वेल म्हणजे नाताळमधली सेरोपेजिया, आपल्या कंदीलपुष्पांचीच आफ्रिकन बहीण. घरच्याच माणसानं घरच्याला आधार द्यावा तसं ते कलम चटकन धरतं. माझी चारपैकी तीन धरली.

दुसऱ्या पेरणीच्या वीसपैकी सोळा उगवल्या आणि नऊ वाढल्या. पहिल्या वर्षी उंची करंगळीच्या दोन पेरांएवढी, तिसऱ्या वर्षी वीतभर. पाचव्या उन्हाळ्यात एकाला फूल आलं: तळहाताएवढी गुळगुळीत बशी, रंग मिठाईवाल्याकडच्या गुलाबी बर्फीचा. आणि वास? उन्हात विसरलेल्या मासळीचा. शेजारीण ग्रिलखाली काही मेलंय का म्हणून बघायला आली. वास माश्यांसाठी असतो. माशीला वाटतं मांस आहे, ती उतरते, फुलातल्या खाचेत तिच्या सोंडेला किंवा पायाला परागांची पुडी अडकते आणि पुढच्या फुलापर्यंत जाते. रुईतही परागांच्या अशाच पुड्या असतात. भिंगातून बघितल्या तर दोन पिवळ्या पिशव्या चिमट्याला टांगलेल्या दिसतात. काही माश्या फुलात अंडी घालून जातात. अळ्यांना खायला काहीच नसतं, त्या मरतात.

शेंग काही धरली नाही. भिंग लावून, सुईच्या टोकानं पुडी काढून त्याच फुलाच्या खाचेत बसवण्याचा उद्योग मी दोन संध्याकाळी केला, डास चावून घेतले, फूल गळून पडलं. या झाडांना बहुधा स्वतःचे पराग चालत नाहीत. वेगळ्या बियांपासून आलेली दोन झाडं एकाच आठवड्यात फुलायला हवीत. शिंदळ माकुडीचीही अडचण याच जातीची. कड्यावर दोन झाडं एकमेकांपासून दूर राहिली की माशी पोचत नाही, शेंग धरत नाही, आणि नवं रोप येत नाही. म्हणून शिरवळजवळच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी तिची रोपं वाढवून पुन्हा कड्यांवर लावण्याचं जे काम झालं, त्यात नुसती संख्या पुरत नाही. एकाच फांदीचे शंभर तुकडे लावले तरी माशीच्या दृष्टीनं ते एकच झाड.

माझ्या नऊपैकी चार रोपं बेसमेंटमधल्या शेल्फवर जास्तीची आहेत. ज्या कोणाला हवी असतील त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात सांगावं. मात्र दोन-दोनच्या जोडीनं न्यावीत, सुटी देणार नाही. आणि कोणाच्या डेकवर जुलैत फूल आलं तर त्याच दिवशी फोन करावा. मी भिंग आणि सुई घेऊन येईन.